नागनाथच्या गाळण्या

बाजारहत्नूरच्या आसपास वीज यायची बाकी आहे अशी घरं तेव्हा पुष्कळ होती, पण चहाची गाळणी नाही असं घर सापडायचं नाही. लाल दांडीची, प्लास्टिकची, सगळीकडे अगदी सारखी. सोयरिकीला आलेले पाहुणे एका घरचा चहा घेऊन दुसऱ्या घरी गेले की तीच गाळणी आपल्या मागोमाग चालत आली की काय, अशा नजरेनं चुलीकडे बघायचे. या साऱ्या गाळण्या नागनाथच्या दुकानातून आलेल्या. आणि नागनाथचं दुकान काही भांड्यांचं नव्हतं. तो बियाणं विकायचा.

नागनाथ कास्तकाराच्या घरचा. दहावीत तेलुगूच्या पेपरानं त्याला दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा त्यानं पेपराला ती संधीच दिली नाही. काही वर्षं बापासोबत कापूस आणि ज्वारी केली, आणि हायब्रीड कपाशीचं बी गावोगाव पोचायला लागलं तेव्हा बसस्टँडच्या वळणावर पत्र्याचं दुकान टाकलं.

धंद्याला लागणारा एक गुण त्याच्याकडे जन्मापासून होता. त्याचा कशावरच विश्वास बसायचा नाही. घासलेट घेताना तो बोट बुडवून वास घ्यायचा. नोट आधी उन्हात धरायचा, मग गल्ल्यात टाकायचा. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढली की हे पीठ चन्याचं की वाटाण्याचं, असं शेजारच्याला विचारायचा. स्वतःच्या लग्नात सासऱ्यानं दिलेलं घड्याळ त्यानं मांडवातच कानाला लावून पाहिलं होतं, आणि भागीरथा, म्हणजे त्याची बायको, ही गोष्ट अजून विसरली नव्हती.

बियाण्याच्या बाबतीत मात्र हाच संशय लोकांना देवासारखा वाटायचा. आदिलाबादहून माल आला की नागनाथ एक पिशवी फोडायचा, मूठभर बी ओल्या पोत्यात गुंडाळून चुलीजवळ उबेला ठेवायचा आणि कोंब फुटले की ते ताटलीत घालून दुकानाच्या फळीवर मांडायचा. आधी कोंब पाहा, मग पिशवी उचला, असं त्याचं म्हणणं. नार्नूरकडचे गोंड कास्तकारसुद्धा वाटेतली दुकानं सोडून त्याच्याकडे यायचे.

मग खालच्या मुलखातून एक बातमी आली. तिकडे नकली बी विकलं जात होतं, आणि तेही अस्सल पिशवीत. कापडी पिशवी कंपनीची, शिशाचं सील कंपनीचं, चिठ्ठी कंपनीची, आणि आत जनावरांना घालायची जुनी सरकी, ॲसिडनं धुऊन खऱ्या बियासारखी गुलाबी रंगवलेली. बातमी ऐकल्यापासून नागनाथला जेवण गोड लागेना. शेवटी त्याला उपाय सुचला. नकली माल करणाऱ्याला रिकामी पिशवी लागते. मग गावात रिकामी पिशवी राहूच द्यायची नाही.

हे बोलायला सोपं होतं. त्या पिशवीचं कापड चांगलं मांजरपाट, वर कपाशीच्या बोंडाचं चित्र. कुणी पोराचं दप्तर शिवी, कुणी तुरीची डाळ भरून ठेवी, उरलेल्या भंगारवाला नेई. फुकट कोण परत देणार? म्हणून नागनाथनं निर्मलच्या बाजारातून गाळण्यांची खोकी आणली आणि सांगून टाकलं, की पिशवी विळ्यानं फाडू नका, शिवणीचा दोरा ओढून उघडा, सील आणि चिठ्ठीसकट माघारी आणा आणि गाळणी घेऊन जा. बायांनी ही योजना उचलून धरली. पहिल्याच हंगामात दुकानामागच्या खोलीत पिशव्यांचा ढीग झाला.

ढिगाचं काय करायचं, हेही त्यानं ठरवलं होतं. होळीच्या आदल्या दिवशी साऱ्या पिशव्या पोत्यात कोंबायच्या, तोंड बांधायचं, वर कुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशी गावादेखत होळीत टाकायचं. होळीला वाहायची वस्तू एकदा बांधून पुजली की ती पुन्हा सोडायची नाही, ही तिकडची रीत. नागनाथ हात जोडून पोतं आगीत ढकलायचा आणि म्हणायचा, नकली बियाण्याचं मढं जळून राह्यलं, पाहून घ्या. लोक टाळ्या वाजवायचे. नागनाथला त्या टाळ्या आवडायच्या. त्यांचा आवाज तेवढा त्यानं कधी तपासून पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट तपासायची राहिली होती. तिचं नाव महिपत.

महिपत भागीरथेचा एकुलता भाऊ. आई मरताना त्याचा हात हिच्या हातात देऊन गेली, तेव्हापासून हिनंच त्याला वाढवलं. दिसायला देखणा, बोलायला त्याहून देखणा. गिऱ्हाइकाच्या हातातली पिशवी स्वतः उचलून बैलगाडीत ठेवायचा, म्हाताऱ्यांना मामा म्हणायचा, तेलुगू माणसाशी तेलुगूत आणि मारवाड्याशी हिंदीत हसायचा. भागीरथेनं शब्द टाकला आणि नागनाथनं त्याला दुकानात घेतलं. मागच्या खोलीची चावी त्याच्याकडे, पोतं बांधायचं कामही त्याच्याकडे. घासलेटात बोट बुडवणाऱ्या माणसानं मेव्हण्याची कधी साधी चौकशी केली नाही. घरच्या माणसाला तपासायचं म्हणजे काय करायचं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी मिरगाचा पाऊस वेळेवर आला. लोकांनी कपाशी टोकली आणि नागनाथ नेहमीसारखा फळीवर कोंबांची ताटली मांडून बसला.

सगळ्यात आधी प्रयागबाई आली. विधवा बाई, ओढ्यापलीकडे तिचं काळं रान. येताना पदरात माती बांधून आणली होती. तिनं ती फळीवर सोडली. मातीत गुलाबी बी होतं, फुगून कुजलेलं.

“नागनाथभाऊ, हे काऊन उगवलं नाई?” तिनं विचारलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वैद्याला नाडी दाखवावी तशी ती माती दाखवत होती.

नागनाथनं पाणी जास्त झालं असेल म्हटलं, बी खोल पडलं असेल म्हटलं. बाई पटवून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी बाबाराव आला, नागनाथच्या बापाचा जुना सोबती. तो काही पटवून घेणाऱ्यातला नव्हता. त्यानं फळीवरची ताटली उचलून नागनाथच्या नाकासमोर धरली.

“बाप्पा, इथं उगवते आन् वावरात काऊन उगवत नाई? तुया चुलीजवळ पेरू काय आमी?”

त्यानंतर रांगच लागली. प्रत्येकाच्या पदरात, धोतराच्या सोग्यात, टोपीत माती. दुकानाची फळी वावरासारखी दिसायला लागली. नागनाथनं कंपनीला तार केली, शेतकी खात्याच्या साहेबांकडे स्वतः जाऊन दरखास्त दिली. साहेबांनी पुढच्या बाजाराच्या दिवशी पंचनाम्याला यायचं कबूल केलं. कंपनीचा माणूसही त्याच दिवशी येणार होता. माल कंपनीचा निघाला तर नवं बी मिळणार होतं, आणि मिरग सरायच्या आत ते टोकलं तर वर्ष हाती लागणार होतं. माल दुकानात बिघडला असेल तर कुणीच काही देणार नव्हतं. लोक दुकानासमोर कडुलिंबाखाली बसून राहिले. शिव्या कुणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर नागनाथला जरा बरं वाटलं असतं.

बाजाराच्या आदल्या दुपारी तो आणि भागीरथा मागच्या खोलीत उरलेल्या पिशव्या बघत बसले. नागनाथनं सील पाहिलं, अस्सल. चिठ्ठी पाहिली, अस्सल. शिवणीवरून बोट फिरवलं, कापड नाकाला लावलं. मग एक पिशवी फोडली, बी तळहातावर घेऊन त्यावर थुंकला आणि चोळलं. हात गुलाबी झाला, बी करडं निघालं. सरकीच होती. म्हणजे कंपनीनंच दगा केला होता. सील शाबूत होतं ना. त्याला जवळजवळ आनंद झाला. तो उठून बोलायला लागला, की उद्या कंपनीच्या माणसाची कॉलर धरतो, हे असं दाखवतो, हे तसं दाखवतो. बोलता बोलता त्याचं लक्ष भागीरथेकडे गेलं. ती एक पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचा अंगठा बोंडाच्या चित्राच्या वर, एकाच जागी दाबलेला होता.

“हात काढ,” नागनाथ म्हणाला.

“काई नाई. मायाच हाताचं लागलं असन.”

“भागीरथे, हात काढ.”

तिनं अंगठा काढला. खाली फिकट लालसर डाग होता, बोटाएवढा. नागनाथला त्यात काही कळलं नाही. कळणार कसं, त्यानं आयुष्यात स्वतःचा रुमालसुद्धा धुतला नव्हता. भागीरथेनं मान खाली घालून सांगितलं. पेरणीला पिशवी उघडायच्या आधी घरची बाई तिला हळदकुंकू लावते. कुंकू निघून जातं. हळदीला साबण-सोडा लागला की ती अशी लाल होते आणि उन्हात कितीही वाळवली तरी सावली ठेवतेच. धुणं धुणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा.

नागनाथनं दुसरी पिशवी ओढली. तिच्यावरही डाग. तिसरीवरही, बोंडाच्या वर, त्याच जागी, कारण साऱ्या बाया त्याच जागी बोट टेकवतात. या पिशव्या एकदा कुणाच्या तरी घरी पुजल्या गेल्या होत्या. दोरा हळू ओढून उघडल्या होत्या, कारण नागनाथनंच तसं सांगितलं होतं. सील आणि चिठ्ठी जपून परत आली होती, कारण नागनाथनंच त्यासाठी गाळणी दिली होती. नकलीवाल्याला गाव पालथं घालून एकेक पिशवी हुडकावी लागली असती. नागनाथनं त्या घडी घालून, एका खोलीत, कुलपात ठेवून दिल्या होत्या.

आणि होळीत त्यानं हात जोडून काय जाळलं होतं, हे त्याला आता कुणी सांगायची गरज नव्हती. वरवर चार पिशव्या, खाली चिंध्या.

महिपत लिंबाखाली लोकांना पाणी देत होता. नागनाथनं त्याला आत बोलावलं आणि पिशवी पुढे केली. तो नाकबूल होईल, रडेल, पाया पडेल, अशी नागनाथची तयारी होती. महिपत दाराला टेकून उभा राहिला. डाग पाहिला, बहिणीकडे पाहिलं, आणि समजावणीच्या सुरात बोलायला लागला. पिशव्या त्यानं खालच्या मुलखातल्या एका माणसाला दिल्या होत्या, भरून त्यानंच पाठवल्या. खरा माल, फळीवर कोंब मांडून झाले की, लांबच्या बाजारात चढ्या भावानं गेला. एवढ्या लोकांचं वावर पडीक राहील असं वाटलं नव्हतं, थोड्याच मिसळायच्या होत्या.

“आता झालं ते झालं, भाऊजी,” तो म्हणाला. “उद्या एकच म्हना, पिशवी आली तशी विकली. कंपनी नवं बी देईन, लोक पेरतीन, दुकान राहीन. खरं सांगसान तं कंपनी हात झटकून जाईन. मंग या लोकायले बी कोन देईन, तुमी?”

नागनाथनं पिशवी पुन्हा त्याच्यापुढे धरली.

“आन् तुमचं आयकन कोन?” महिपत पुढे म्हणाला. “पोतं तुमी जाळलं. सारा गाव टाळ्या वाजवून राह्यला होता.”

तो गेल्यावर नागनाथनं दार लोटून घेतलं. भागीरथा रागावेल, भावासाठी पदर पसरेल, निदान रडेल, म्हणून नागनाथ वाट पाहत होता. तिनं पदर पसरला असता तर त्याला खोटं बोलायला एक कारण मिळालं असतं. ती एवढंच म्हणाली, “मी काई म्हनत नाई.” आणि पिशव्यांच्या घड्या घालायला लागली, जशी वाळलेल्या कपड्यांच्या घालतात तशी.

बाजाराच्या दिवशी बाजार भरला नाही, सारे दुकानासमोरच जमले. महिपत सकाळच्या गाडीनं किनवटकडे गेला होता. हद्दीपलीकडे, दुसऱ्या राज्यात. माल आणायला गेला असेल, असं लोक आपसांत म्हणाले.

साहेब जीपमधून उतरले. त्यांचं तेलुगू आणि लोकांची मराठी यांच्या मधोमध हिंदी होती, तिच्यात कामाला सुरुवात झाली. कंपनीचा माणूस आला तेव्हा ऐटीत होता. आमच्या सीलच्या पिशवीत खराब माल निघूच शकत नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं. तेवढ्यात प्रयागबाई पुढे झाली आणि तिनं लाल दांडीची गाळणी फळीवर ठेवली. तिच्यामागून दुसरीनं ठेवली. मग बायांची रांगच लागली. कुणाच्या गाळणीला सकाळच्या चहाचा चोथा अजून चिकटलेला होता. ढीग वाढत गेला, एक-दोन घसरून खाली पडल्या, त्या कुणी उचलल्या नाहीत. गाळणी परत करणं म्हणजे नागनाथशी असलेला व्यवहार परत करणं होतं, हे परक्या माणसालाही समजत होतं. कंपनीचा माणूस ढीग आणि गर्दी पाहून मवाळ झाला. आवाज खाली आणून म्हणाला, दुकानदारानं माल जसा आला तसाच विकला असेल, तर बदली बियाण्याचं बघता येईल.

साहेबांनी नागनाथकडे पाहिलं. साऱ्यांनीच पाहिलं. होय म्हणायचं होतं, बस. मान हलवली तरी चाललं असतं.

“साहेब,” प्रयागबाई मराठीतच म्हणाली, “बी गेलं म्हनून गाळनी परत केली, पन नागनाथभाऊ म्हनन ते खरं समजा.”

लोकांनी हेच म्हणावं असं नागनाथला आयुष्यभर वाटत आलं होतं. त्यासाठीच तर ते कोंब, ती होळी, त्या गाळण्या. आता बाई ते म्हणाली.  त्यानं फळीखालून एक पिशवी काढून प्रयागबाईसमोर पसरली.

“मावशी, ही हळद कोनाची आहे?”

प्रयागबाईनं डागावर बोट ठेवलं. शेजारच्या बायांनी वाकून पाहिलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. एकमेकींना त्या काय बोलल्या ते साहेबांना कळलं नाही, पण आवाज कळला. नागनाथनं तुटक तुटक सांगितलं, की पिशव्या जुन्या आहेत, तुमच्याच घरून परत आलेल्या, माल कंपनीचा नाही, मी पोतं न उघडता होळीत टाकलं. कंपनीच्या माणसानं तिथल्या तिथे बॅगेला कुलूप लावलं. त्याचं काम संपलं होतं.

साहेबांनी विचारलं, मग हे केलं कुणी.

नागनाथनं पिशवीची घडी घातली. पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “दुकान माया नावावर आहे. माया नावानं लिहा.”

साहेब लिहायला लागले. तेवढ्यात घराकडून भागीरथा आली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. गर्दीनं वाट दिली. ती बायांच्या रांगेत शेवटची उभी राहिली, आपली पाळी आली तशी पुढे झाली आणि स्वतःच्या घरची गाळणी ढिगावर ठेवली.

“माया भावानं केलं,” ती म्हणाली. “महिपतनं. पोतं त्यानंच बांधलं. लिहा.”

दुकानाला सील लागलं, आणि गाळण्या आतच राहिल्या. पंचनाम्यात त्यांचा उल्लेख करायचा की नाही यावर साहेबांच्या कारकुनानं थोडा विचार केला आणि सोडून दिलं. लायसन गेलं. महिपत किनवटहून पुढे कुठे गेला, ते पोलिसांना सापडलं नाही. नवं बी कुणी दिलं नाही. नागनाथनं घरची ज्वारीची कणगी फोडली आणि येईल त्याला बियाण्यापुरती दिली. ओढ्यापलीकडच्या रानापर्यंत पोचता पोचता कणगी रिकामी झाली. प्रयागबाईचं काळं वावर त्या पावसाळ्यात नुसतं तण घेऊन उभं राहिलं, आणि तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न पुढे ढकललं गेलं.

बाबाराव एकदा वाटेत भेटला. नागनाथनं मान खाली घातली तरी त्यानं थांबवलं.

“खरं बोल्ला, चांगलं केलं,” तो म्हणाला. “खोटं बोल्ला असतास तं माया घरी कापूस असता.”

 पुढे सात-आठ वर्षं नागनाथ दुसऱ्यांच्या वावरात ठोक्यानं, म्हणजे ठरलेली रक्कम भरून, शेती करत राहिला, आणि तेवढी वर्षं याला उत्तर शोधत राहिला. घासलेटात बोट बुडवायचं त्यानं सोडलं. पंगतीत बुंदी वाढली की मुकाट्यानं खायचा. लोकांना वाटायचं, माणूस सुधारला.

पंचनाम्याच्या वर्षीच दिवाळीत भाऊबीजेला भागीरथेनं दारात पाट मांडला नाही. भाऊ नसलेल्या बाया करतात तसं तिन्हीसांजेला अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. तबक नागनाथनं एका बाजूनं धरलं.  मग आत जाऊन तिनं चहा टाकला. गाळणी नव्हतीच, गावात कुणाकडेच नव्हती. जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून तिनं चहा गाळला. कापड विरलेलं, चोथा कपात उतरला. नागनाथनं कप उजेडाकडे धरला, जुन्या सवयीनं, आणि तिच्याकडे पाहून खाली घेतला. मग तळाच्या चोथ्यासकट सगळा चहा पिऊन टाकला.